थांबवण्याचं कारण

मामांनी आयुष्यात कुणाचा एक पैसा खाल्ला नव्हता, आणि ही गोष्ट ते कुणी विचारलं नाही तरी सांगत. वाहतूक पोलिसात उभी हयात काढून हात स्वच्छ ठेवायचे म्हणजे खायचं काम नाही. मामांनी कधी कुणाला शिवी दिली नाही, कुणाच्या गाडीची किल्ली हिसकावून घेतली नाही, काचेवर काठी आपटली नाही. गाडी थांबवली की आधी नमस्कार, मग 'जरा बाजूला घेता का' असं आर्जवी बोलणं. आपण पोलिसांतले सज्जन आहोत हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि ते पुन्हा तपासून बघायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

मामा हे काही त्यांचं नाव नव्हे. वाहतूक पोलिसाला सगळेच ड्रायव्हर मामा म्हणतात. तोंडावर मामा आणि गाडी पुढे गेली की आणखी काहीतरी. पण ह्या मामांना ते ऐकायला आवडायचं. दिवसभरात त्यांना दुसऱ्या कुठल्या नात्यानं हाक मारणारं कुणी नव्हतं.

त्यांची नेमणूक होती जुन्या पुलाच्या नाक्यावर. एके काळी तिथे श्वास घ्यायला फुरसत नसायची. मग नदीच्या खालच्या अंगाला नवा रुंद रस्ता झाला, सगळी वाहतूक तिकडून धावू लागली आणि जुना नाका ओस पडला. नाका बंद करायचा हुकूम वर कुठेतरी अडकला असावा, कारण एक पत्र्याची चौकी, दोन लोखंडी अडथळे आणि मामा एवढं तिथे शिल्लक राहिलं. चौकीत एक खुर्ची, एक माठ आणि भिंतीवर गेल्या सालचं कॅलेंडर. दुपारी पत्रा तापला की आत बसवत नसे, मग मामा पुलाच्या कठड्याच्या सावलीत उभे राहत आणि सावली सरकेल तसे आपणही सरकत.

घरीही तीच तऱ्हा. बायको मुलीच्या बाळंतपणाला म्हणून दूरच्या शहरात गेली ती तिकडचीच झाली. भांडण नाही, तंटा नाही. आधी बाळ लहान होतं, मग बाळाला दात येत होते, मग बाळ शाळेत जायला लागलं, आणि आता बाळाला आजीशिवाय झोप येत नव्हती. मामांना कशाशिवाय झोप येत नव्हती हे कुणी विचारलं नाही. रविवारी फोन यायचा. 'जेवलात का', 'औषध घेता ना', आणि तिसऱ्या वाक्याला फोन नातवाच्या हातात. नातू फोनमध्ये नुसता श्वास घ्यायचा. मामा तेही मन लावून ऐकायचे.

अशा माणसाला तोंड उघडायला जागा कुठे, तर नाक्यावर. सुरुवातीला मामा कारण असेल तरच गाडी थांबवत. पुढे कारण थोडं कमी असलं तरी चालायला लागलं, आणि शेवटी शेवटी गाडीत माणूस आहे एवढं कारण पुरायला लागलं. हात वर केला की गाडी थांबायची, काच खाली यायची आणि आतला माणूस बोलायचा! मामा कागद हातात घेत, पण बघत नसत. कुठे निघालात, माल कसला आहे, गाव कुठलं, मुलं किती, थोरला काय करतो. लोक सांगत. हसून सांगत. मामांना वाटे, काय गोड माणसं आहेत.

नियम तसा अगदी साधा होता. गाडी थांबवली की पोलिसानं आधी आपलं नाव आणि थांबवण्याचं कारण सांगायचं. ड्रायव्हरनं परवाना आणि गाडीचे कागद दाखवायचे. कुठे चाललात, घरी कोण असतं, हे सांगायचं ड्रायव्हरवर काही बंधन नाही. मामांना हा नियम तोंडपाठ होता. पण नियम असतो तो त्रास देणाऱ्या पोलिसांसाठी, असा त्यांचा समज होता. आपण तर दोन गोड शब्द बोलतो.

पांढऱ्या व्हॅनवाल्या बाईला त्यांनी पहिल्यांदा थांबवलं ते मात्र रीतसर. मागचा एक दिवा फुटला होता. तिशी ओलांडलेली, केस घट्ट बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हॉस्पिटलच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले धुलाईच्या कारखान्यात न्यायचे आणि धुऊन परत पोचवायचे हे तिचं काम. कारखाना नदीच्या वरच्या अंगाला होता, नवा रस्ता तिकडे जात नव्हता. मामांनी व्हॅनचं मागचं दार उघडलं तसा गरम इस्त्रीचा वास बाहेर आला. मामांच्या घरात इस्त्री फिरून किती दिवस झाले होते! त्यांनी दंड केला नाही. 'ताई, दिवा बदलून घ्या,' म्हणाले, आणि सवयीनं पुढे विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

स्टिअरिंगवरची तिची बोटं आवळली गेली.

"आई," ती म्हणाली.

"तब्येत बरी असते ना त्यांची?"

"गुडघे दुखतात."

बस्स, एवढ्यावर मामांची सोय झाली. दुसऱ्या दिवशी व्हॅन दिसताच त्यांचा हात आपोआप वर गेला. दिवा बदललेला होता, पण दिव्याकडे बघतंय कोण! "काय म्हणतायत आईचे गुडघे?" त्यांनी खिडकीशी वाकून विचारलं. ती म्हणाली, कालपेक्षा बरे आहेत. मग रोजचंच झालं. हळूहळू मामांच्या डोळ्यांपुढे ती आई उभी राहिली. हट्टी म्हातारी. काठी घ्यायला तयार नाही, काठी घेतली की माणूस म्हातारा दिसतो म्हणते. रेडिओ मोठ्यानं लावते. शेजारणीशी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून तिचं जुनं वैर आहे. एकदा तर शेजारणीच्या चादरी काढून तिनं जिन्यावर टाकल्या. हे ऐकून मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. व्हॅनवालीही हसली. निदान मामांना ती हसल्यासारखी वाटली.

रविवारच्या फोनला आता त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काही असायचं. "अगं, ती व्हॅनवाली आहे ना, तिच्या आईनं काल काय केलं माहितेय का?" बायको म्हणायची, "कोण व्हॅनवाली?" आणि फोन नातवाकडे जायचा.

'ताई'चं 'अगं' कधी झालं ते मामांनाही कळलं नाही. एका सकाळी त्यांनी औषधाच्या दुकानातून गुडघ्याला बांधायचा पट्टा आणून ठेवला, चांगल्यातला, आणि व्हॅन थांबवून तिच्या मांडीवर ठेवला. "हा आईला बांध. नाही म्हणाली तर सांग, पोलिसांचा हुकूम आहे." आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. पट्टा उचलताना तिचे हात थरथरत होते. पोरीला भरून आलं, असं मामांना वाटलं. त्या दिवशी घरी जाताना त्यांची पावलं हलकी पडत होती.

त्यानंतर व्हॅन यायची बंद झाली.

पहिल्या दिवशी मामांनी मनावर घेतलं नाही. मग त्यांचा जीव वरखाली व्हायला लागला. म्हातारी पडली तर नसेल? पट्टा घट्ट बांधला आणि रक्त अडलं असं तर नसेल झालं? आठवडा असा काढल्यावर एका ट्रकवाल्याकडून त्यांना कळलं की पांढरी व्हॅन हल्ली दगडाच्या खाणीवरून जाते. रस्ता लांबचा, खड्ड्यांचा, धुळीचा. धुतलेल्या चादरी घेऊन त्या धुळीतून कुणी का जाईल, हे कोडं मामांना सुटेना. बिचारीवर काहीतरी बेतलंय, एवढंच त्यांनी धरलं. ठाण्यात जाऊन त्यांनी साहेबांना गळ घातली, खाणीच्या वळणावर ट्रकवाले बेफाम चालवतात, मला तिकडे उभं राहू द्या. साहेबांना काय, मामा पुलावर असले काय आणि खाणीवर असले काय. ते हो म्हणाले.

व्हॅन वळणावर आली. मामा धुळीतून पुढे झाले आणि त्यांनी हात वर केला. ब्रेक असा करकचून लागला की मागच्या चादरींचे गठ्ठे आपटल्याचा आवाज आला. काच खाली आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अगं, आहेस कुठे?" मामा म्हणाले. "किती काळजीत होतो मी! आई बरी आहे ना?"

तिनं नुसती मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मामांनी 'जा, सांभाळून जा' म्हटल्यावर व्हॅन निघाली, आणि मामांचा जीव भांड्यात पडला. भेट तर झाली.

पुढच्याच आठवड्यात तक्रार आली.

ठाण्याच्या साहेबांनी मामांना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. व्हॅनवालीनं लिहून दिलं होतं की हा पोलीस विनाकारण पुन्हा पुन्हा गाडी अडवतो, घरच्यांची चौकशी करतो, आणि रस्ता बदलला तर तिथेही येऊन उभा राहिला. मामांना आधी वाटलं, ही दुसरीच कुणी बाई असणार.

"तिचा धुलाईचा ठेकेदार बिथरलाय," साहेब म्हणाले. "त्याचं म्हणणं, पोलीस एखादी गाडी इतक्या वेळा अडवतात म्हणजे गाडीत काहीतरी काळंबेरं असणार. त्यानं तिला घरी बसवलंय. गाडीचा, ड्रायव्हरचा काही दोष नव्हता असं सुनावणीत ठरलं तर तिला परत घेईल, नाहीतर नाही."

"मी सांगतो की त्याला, पोरगी चांगली आहे."

"तू गप्प बस जरा. तुझं काय होईल ते बघ आधी. निवृत्ती तोंडावर आलीय." साहेबांनी आवाज खाली आणला. "चोरीचा माल पांढऱ्या व्हॅनमधून जातो अशी तोंडी खबर होती, एवढंच म्हणायचं. पुढचं मी बघतो. तू आजवर कुणाचा चहा फुकट प्यायला नाहीस, तुला कशाला अडकवायचं?"

मामा हो म्हणाले. पण त्यांना अजून वाटत होतं की खबरबिबर सांगायची वेळच येणार नाही. ती समोर आली, दोघं बोलले, की गैरसमज दूर होईल. रात्री त्यांनी स्वतः शर्टाला इस्त्री केली. कॉलर जरा करपली.

सुनावणी ठाण्याच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबल, त्याच्या एका टोकाला बाहेरून नेमलेल्या अध्यक्षबाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एका बाजूला व्हॅनवाली, समोर मामा आणि त्यांचे साहेब. खिडकीतला पंखा कटकट आवाज करत होता. मामांनी आत येताच व्हॅनवालीकडे बघून मान डोलावली. ती टेबलाकडे बघत होती.

अध्यक्षबाईंनी तिला सगळं सांगायला सांगितलं. ती हळू आवाजात बोलत होती, पण अडखळत नव्हती. उशीर व्हायचा, वॉर्डातल्या नर्स ओरडायच्या, उघड्या गाद्यांवर पेशंट बसून असायचे. लांबच्या रस्त्यानं गेलं तर चादरी धुळीनं माखायच्या आणि पुन्हा धुवायला लागायच्या.

"पण ह्यांनी कधी दंड केला? काही मागितलं? वेडंवाकडं बोलले?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही."

"तुमच्या आईची विचारपूस करायचे, गुडघ्यासाठी पट्टाही आणून दिला, असं हवालदारांच्या जबाबात आहे. हे खरं?"

"पट्टा दिला हे खरं आहे," ती म्हणाली. "पण मला आई नाही."

मामा खुर्चीतून ताडकन उठले. "कधी?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. "अगं, कधी गेल्या? मला बोलली नाहीस!"

तिनं पहिल्यांदाच मामांकडे बघितलं. नजरेत राग नव्हता. गोंधळ होता.

"मी लहान असताना," ती म्हणाली. "मला चेहराही आठवत नाही."

पंखा कटकटत राहिला. साहेबांनी मामांची बाही ओढून त्यांना खाली बसवलं.

"मग गुडघे, शेजारीण, हे सगळं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"काहीतरी सांगायला हवंच होतं. ते खिडकीशी वाकून उभे राहायचे, कागद त्यांच्या हातात असायचे. कागद परत देईपर्यंत बोलावं लागायचं. खरं घर, खरी माणसं पोलिसाला सांगायची मला भीती वाटायची. म्हणून एक आई तयार केली. मग त्यांना तिचं रोज नवीन काहीतरी लागायचं. मी आदल्या दिवशी घरी बसून ठरवून ठेवायचे, उद्या काय सांगायचं. सांगायचं बंधन नाही, हे मला आमच्या कारखान्यातल्या दुसऱ्या ड्रायव्हरनं फार उशिरा सांगितलं. तोपर्यंत मला वाटायचं, सांगितलं नाही तर व्हॅन जप्त करतील."

मामांच्या कानात गरम वाफ गेल्यासारखं झालं. ती काठी न घेणारी म्हातारी, तो रेडिओ, जिन्यावर टाकलेल्या चादरी. ते ज्या माणसाची काळजी करत होते ते माणूस नव्हतंच, आणि ज्या पोरीशी गप्पा मारत होते ती गप्पा मारत नव्हती, सुटका करून घेत होती. त्यांना आधी लाज वाटली नाही. आधी राग आला. खोटारडी! मी रात्र रात्र जागलो हिच्या आईसाठी, आणि ही घरी बसून माझ्यासाठी थापा जुळवत होती! साहेबांनी टेबलाखालून पायानं खूण केली. आता खबरीचं सांगायचं. मामांच्या जिभेवर ते तयार होतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना ते सांगायची इच्छाही झाली. बसू दे घरी, म्हणजे समजेल.

"हवालदार," अध्यक्षबाई म्हणाल्या, "पहिल्या वेळी दिवा फुटला होता. त्यानंतर थांबवण्याचं कारण काय होतं?"

मामांनी तोंड उघडलं. समोर व्हॅनवाली दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसली होती, मामांना दिसतील असे, बोटं पसरून. गाडी थांबवल्यावर ड्रायव्हर स्टिअरिंगवर ठेवतो तसे. ह्या खोलीत तिला कुणी थांबवलेलं नव्हतं, तरी ती तशी बसली होती. मामांनी इतक्या दिवसांत तिच्या हातांकडे कधी नीट बघितलं नव्हतं. ते आताही थरथरत होते.

"कारण नव्हतं," मामा म्हणाले.

साहेबांचा पाय जोरात लागला.

"म्हणजे?" अध्यक्षबाईंनी लिहायचं थांबवलं.

"म्हणजे गाडीत काही नव्हतं, कागद चोख होते, ह्यांचं चालवणं व्यवस्थित होतं. कसली खबरही नव्हती. मला बोलायला कुणी नसतं. नाक्यावर नसतं, घरीही नसतं. म्हणून हात करायचो." एवढं बोलून त्यांना धाप लागली. "ह्यांचा काही दोष नाही, असं लिहा. ठेकेदाराला कळेल असं स्पष्ट लिहा. खाणीवर मी मुद्दाम गेलो होतो, तेही लिहा."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि खिडकीबाहेर बघत बसले. अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं. मामांना नाक्यावरून काढण्यात येईल, निवृत्तीपर्यंत त्यांना कुठलीही गाडी थांबवण्याचा अधिकार राहणार नाही, ह्या बाईच्या वाटेला त्यांनी जायचं नाही, आणि शिक्षेचा बाकीचा हुकूम मागून येईल, असं त्यांनी कोरड्या आवाजात वाचून दाखवलं. मग व्हॅनवालीला म्हणाल्या, "तुम्हाला ह्यांना काही विचारायचं असेल तर विचारू शकता."

"नुसतं बोलायचंच होतं, तर तसं विचारायचं होतं ना," ती म्हणाली. "दोन मिनिटं बोलता का, असं."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो," ती म्हणाली. "नाही म्हणाले असते."

"म्हणूनच विचारलं नाही," मामा म्हणाले. "हात केला की थांबावंच लागतं."

हे बोलून झाल्यावर ते आपल्याला आधीपासून माहीत होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि मघाशी न वाटलेली लाज आता तळपायापासून वर चढत गेली. त्यांना वर बघवेना. व्हॅनवालीनंही पुढे काही विचारलं नाही. तिनं हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतले.

"हवालदार, तुम्हालाही एक संधी आहे," अध्यक्षबाई कागद आवरता आवरता म्हणाल्या. "काही विचारायचं असेल तर माझ्यासमोर विचारा. त्यांना उत्तर द्यावं लागेल."

मामांना विचारायचं होतं. एकच गोष्ट विचारायची होती. ती म्हातारी तिनं कुणावरून उचलली? कुणीतरी असणारच तशी, रेडिओ मोठ्यानं लावणारी, काठीला नाही म्हणणारी. एखादी मावशी, एखादी घरमालकीण. कुठेतरी, कुणाच्या तरी घरात ती असेल, तर मामांना तेवढं पुरलं असतं. प्रश्न अगदी ओठांवर आला होता. समोर ती उत्तर द्यायला तयार होऊन बसली होती, खांदे ताठ, श्वास धरलेला.

"नाही," मामा म्हणाले. "मला काही विचारायचं नाही."